जिन्यातून ऐकलेले गोल

आइस हॉकी हा खेळ माणसानं कशासाठी शोधून काढला असावा, याबद्दल त्या घरातल्या सुनेचं बरेच दिवस एकच मत होतं: दंतवैद्यांच्या पोटापाण्यासाठी. टीव्हीवर बर्फ दिसलं की नवरा आणि सासरे सोफ्याची दोन टोकं पकडून बसत आणि ती खोलीतून निघून जाई. पायात पाती बांधून, हातात काठ्या घेऊन एकमेकांना भिंतीवर आपटणारी ती आडदांड माणसं पाहिली की तिच्या मनात पहिला प्रश्न यायचा, यांच्या आया कुठं बघत असतील?

मग बाळ झालं. बाळाला पाजायला बसलं की उठता येत नाही आणि रिमोट नेहमी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला असतो, या दोन सनातन सत्यांमुळे तिला सामने बघावे लागले आणि बघता बघता ती कधी अडकली ते तिचं तिलाही कळलं नाही.

पहिल्यांदा तिला भुरळ घातली ती खेळाडूंच्या बदलीनं. जीव तोडून मिनिटभर खेळायचं, धापा टाकत कठड्यावरून आत उडी मारायची, की त्याच क्षणी दुसरा आपणहून बाहेर! कुणी कुणाला 'जरा धरतोस का रे याला' म्हणत नाही. 'पाच मिनिटांत येतो' म्हणून कुणी आंघोळीला जाऊन बसत नाही. अशी माणसं या जगात आहेत, पगारी का होईना पण आहेत, हे पाहून तिचे डोळे भरून आले.

आणि मग गोलरक्षक. अंगावर गाद्या-उशा बांधल्यासारखा दिसणारा तो माणूस तिला थेट आपल्या जातकुळीतला वाटला. जाळं पाठीमागं, त्यामुळं ते दिसत नाही, आणि पुढून काळी चकती अशा वेगानं येते की तीही धड दिसत नाही. चकती अडवली तरी तो नाचत नाही. हातातली काठी मागं नेऊन जाळ्याच्या दोन्ही खांबांना हळूच टक टक करतो, की आहे ना सगळं जागच्या जागी? ती स्वतः बाळाच्या पाळण्याशी दिवसातून शंभर वेळा हेच करायची. घरातले लोक तिला 'किती काळजी करतेस' म्हणायचे. त्या माणसाला मात्र त्याच गुणासाठी हजारो लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

त्या वर्षी शहराचा संघ कित्येक वर्षांनी प्लेऑफमध्ये पोचला. प्लेऑफ म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी. दोन संघांनी एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळायचं. आधी चार सामने जिंकेल तो पुढं, दुसरा घरी. आपल्या संघानं पहिले दोन सामने असे हरून दाखवले, की त्यापेक्षा घरी बसले असते तर निदान प्रवास वाचला असता.

तिसऱ्या सामन्याच्या संध्याकाळी स्वयंपाकघरातला नळ फुटला.

"अप्पा, नळ फुटलाय!" ती ओरडली.

अप्पा म्हणजे सासरे. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेलं. त्यांनी टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं, "मध्यंतरापर्यंत थांबेल का?"

नळ थांबला नाही. इमारतीच्या देखभाल कार्यालयातून प्लंबर आला आणि ओट्याखालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरला. बाहेर नुसते पाय. बाळाला दात येत होते (टीव्हीवरच्यांचे पडत होते, याला येत होते). त्यानं त्याच वेळी असा सूर लावला की तिनं त्याला उचलून थेट जिन्यात नेलं. तिथं आवाज घुमतो, तो त्याला आवडायचा. तेवढ्यात समोरच्या काकू उसनी नेलेली चहाची गाळणी परत द्यायला आल्या. सल्ला द्यायला काकूंना विषय लागत नसे, नुसता माणूस लागे.

"दात येतायत ना? डाव्या खांद्यावर घे. उजव्या खांद्यावर पोरं चिडतात," असं जाता जाता सांगून त्या दारात पोचल्या, एका पायातली चप्पल काढली, आणि आतून अशी आरोळी आली की तिला वाटलं छत कोसळलं.

ती धावत आत. "काय झालं?"

"गोल!" नवरा सोफ्यावर उभा होता. "काय गोल होता! बघायला हवा होतास!"

ती बघायला थांबली. बाळ किंचाळलं. ती जिन्यात गेली. आतून आरोळी. असं तीनदा झालं. आपल्या संघानं तीन गोल मारले आणि तीनही तिनं जिन्यातून, डाव्या खांद्यावर रडतं पोर घेऊन, कानांनी पाहिले. सामना आपला संघ जिंकला.

चौथ्या सामन्याला मात्र बाळ शहाण्यासारखं झोपलं. नळ दुरुस्त होता. काकूंना सोफ्यावर बसवून चहा दिला होता. ती स्वतः पाय पसरून टीव्हीसमोर बसली. आणि आपल्या संघाला संपूर्ण सामन्यात एक गोल काही मारता आला नाही. पलीकडच्यांनी एकच मारला, तोही ती पाळण्यात डोकवायला उठली तेवढ्यात. आता आणखी एक हार, की खेळ खलास.

सामना संपल्यावर अप्पा उठले. मग फळ्यासमोर उभे राहावेत तसे ते टीव्हीसमोर उभे राहिले.

"प्रयोग यशस्वी झाला की त्याच्या अटी बदलायच्या नसतात. आठवीच्या पोरालाही कळतं हे. परवा काय काय होतं? प्लंबर ओट्याखाली. काकू दारात, एक चप्पल पायात, एक बाहेर. हातात गाळणी."

"अप्पा, ही अंधश्रद्धा झाली," नवरा म्हणाला.

"कारण माहीत नसताना ते माहीत आहे असं समजणं म्हणजे अंधश्रद्धा. मला कारण माहीत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. याला विज्ञान म्हणतात."

"आणि मी?" तिनं विचारलं.

कुणी तिच्याकडं बघितलं नाही. पण न बघण्याचंही एक तंत्र असतं. तीन माणसं एकाच वेळी, एकाच माणसाकडं, इतक्या कसोशीनं बघत नाहीत, तेव्हा त्याचा आवाज होतो.

"तू जिन्यात," अप्पा अखेर म्हणाले. "बाळासकट. रडत."

"मीसुद्धा रडत?"

"बाळ रडत. तुझ्यावर सक्ती नाही."

आता कुणी म्हणेल, हसून सोडून द्यायचं. पण त्या घरात हे हसण्यावारी जात नसे. फार वर्षांपूर्वी संघ असाच शेवटच्या क्षणी हरला, तेव्हा नवऱ्याच्या आत्याबाई शिंकल्या होत्या. आत्याबाईंना अजूनही मोसम संपल्याशिवाय जेवायला बोलावत नाहीत. त्या माउलीनं आयुष्यात काय काय केलं, नोकरी केली, तीन मुलं वाढवली. पण घराच्या इतिहासात त्यांची नोंद 'शिंकल्या' एवढीच. आपली नोंद 'सोफ्यावर बसली' अशी व्हावी, हे काही सुनेला परवडणारं नव्हतं.

आणि तिला तर एकच गोल बघायचा होता. घडताना. मागाहून दाखवतात तो नव्हे. मागाहून बघितलेला गोल म्हणजे उतू जाऊन गेल्यावरचं दूध. ओटा पुसता येतो, पण तो क्षण गेलेलाच असतो. पाजताना बघितलेल्या सामन्यांतही ऐन गोलाच्या वेळी तिची नजर नेमकी बाळाकडं वळलेली असायची. एवढी टक लावून जगणारी बाई ती, पोराचा श्वाससुद्धा मोजणारी, आणि तिच्याच नजरेतून प्रत्येक गोल निसटावा?

पाचव्या सामन्याआधी नवऱ्यानं देखभाल कार्यालयाला फोन लावला.

"तक्रार काय?" पलीकडून विचारलं.

"प्लंबर पाठवा."

"तक्रार काय?"

"तक्रार अशी नाही. प्लंबर हवाय."

"नळ गळतोय का?"

नवऱ्यानं अप्पांकडं पाहिलं. "गळू शकतो," तो म्हणाला.

गळू शकणाऱ्या नळासाठी माणूस पाठवण्याची तरतूद नाही, असं कळल्यावर नवऱ्यानं पाना घेतला आणि नळ जरासा सैल केला. नवरा पेशानं हिशेबनीस. 'जरासा' म्हणजे किती, हे त्याला आकड्यांत कळतं, लोखंडात कळत नाही. पाणी सोफ्यापर्यंत आलं. सगळ्यांनी पाय वर घेऊन सामना पाहिला, आणि 'पाय वर' ही अट मूळ प्रयोगात नव्हती म्हणून अप्पा घामाघूम झाले. प्लंबर आला, ओट्याखाली वाकला आणि म्हणाला, "साहेब, मला इथनं काही दिसत नाही हो."

"दिसायचं नाहीच आहे," अप्पा म्हणाले. "गेल्या वेळी तुम्ही कुठल्या कुशीवर होता?"

काकूंनी आपली जागा घेतली. त्यांची अडचण वेगळी होती. गाळणी परत द्यायला आलेल्या बाईनं गाळणी परत द्यायची नाही, असा नवा नियम झाल्यामुळं ती त्यांच्याकडेच राहिली होती, आणि घरात सगळे चोथ्यासकट चहा पीत होते. "मी काय म्हणते," काकू दारातून म्हणाल्या, "चहा आधी कपात थंड होऊ द्यावा, चोथा खाली बसतो." दुसऱ्याची गाळणी हातात घेऊन एवढ्या शांतपणे हे सांगायला धाडस लागतं.

ती जिन्यात उभी राहिली. बाळ रडलं. आतून आरोळी आली. जिंकले.

जिन्यात उभं राहून ऐकता ऐकता तिचे कान तयार झाले. समालोचकाचा आवाज चढला की चकती आपल्याकडं. नवरा 'अरे, अरे, अरे' म्हणाला की त्यांच्याकडं. आणि सगळे एकदम गप्प झाले की गोलरक्षकानं काहीतरी अशक्य करून ठेवलेलं असणार. मग ती मनातल्या मनात टक टक करायची. जिन्यातल्या त्या पिवळट भिंतीसमोर उभं राहून न पाहिलेल्या माणसांवर तिचा जीव जडत गेला. तुटक्या दातांचा कप्तान, चेहऱ्यावर टाके घालून पुन्हा मैदानात उतरणारा. तिला स्वतःला इंजेक्शन बघितलं तरी घेरी यायची. पण त्या माणसाबद्दल तिच्या मनात आता 'याची आई कुठंय' हा प्रश्न येत नव्हता. त्याची आई पहिल्या रांगेत, नखं खात बसली असणार, हे तिला आपोआप कळलं होतं.

सहाव्या सामन्याला प्लंबरबरोबर देखभाल कार्यालयाच्या अधिकारी बाई आल्या. कडक इस्त्री, कडक आवाज.

"एकच नळ. पुन्हा पुन्हा तक्रार. आणि दर वेळी सामना सुरू झाल्यावर. मला कळलं पाहिजे, हा काय प्रकार आहे."

नवऱ्यानं पाना पाठीमागं लपवला. प्लंबर तर केव्हाच ओट्याखाली शिरून पायांपुरता उरला होता. अधिकारी बाईंनी चौकशीला सुरुवात करण्यासाठी फ्रिजवर हात टेकला आणि त्याच क्षणी, जिन्यातल्या तिच्या कानांवर पडली ती त्या मोसमातली सगळ्यात मोठी आरोळी. त्यात एक नवा, कडक इस्त्रीचा आवाज होता.

ती आत आली तेव्हा अप्पा हात जोडून म्हणत होते, "बाई, आता तो हात तिथून काढू नका."

त्यांनी काढला नाही. सामना संपला, जिंकला, मालिका बरोबरीत आली. जाताना अधिकारी बाई दारात थबकल्या, काकूंना वळसा घातला आणि घसा साफ करून म्हणाल्या, "हे नियमात बसत नाही. लेखी देता येणार नाही." मग आवाज उतरवून नवऱ्याला म्हणाल्या, "परवा किती वाजता गळणार आहे?"

अशा रीतीनं शेवटचा सामना आला. जिंकेल तो पुढं, हरेल तो घरी. प्लंबर आपली उशी घेऊन आला आणि ओट्याखाली शिरला. नळ गळत नव्हता, पण तसं म्हणायची आता कुणाची छाती नव्हती. अधिकारी बाई फ्रिजला चिकटल्या. काकू पायपुसण्यावर, एक चप्पल आत, एक बाहेर. ती बाळाला डाव्या खांद्यावर घेऊन निघाली तेव्हा नवरा पुटपुटला, "एवढा एकच दिवस गं."

"हे तू तीन सामन्यांपासून म्हणतोयस."

"जिंकलो तर पुढची फेरी आहे," अप्पा आनंदानं म्हणाले. पुढच्या फेरीतही आपण जिन्यातच, हे तिला त्या वाक्यातून नीट कळलं.

सामना बरोबरीत सुटला. म्हणजे सुटला नाही. जादा वेळ सुरू झाला. जादा वेळेचा नियम साधा आणि भयंकर आहे: जो पहिला गोल मारेल तो जिंकला, तिथल्या तिथं सगळं संपलं. साऱ्या इमारतीत शांतता पसरली. आणि त्या शांततेत तिच्या लक्षात आलं, की खांद्यावरही शांतता आहे.

बाळ झोपलं होतं. लाळेनं तिचा खांदा भिजवून, तोंड उघडं टाकून, गाढ.

प्रयोगाची अट मोडली होती. बाळ रडत असायला हवं होतं. आतल्यांना हे माहीत नव्हतं. माहीत फक्त तिला होतं, आणि आता गोल झाला, तो कुठल्याही बाजूनं झाला, तरी त्याचं कारण जगात तिला एकटीलाच ठाऊक असणार होतं. ज्या पोराला झोपवायला ती महिनोन्महिने चवड्यांवर चालली, ज्याच्यासाठी दाराची कडी तेल घालून मऊ केली, त्या पोराकडं तिनं पाहिलं आणि तिच्या मनात आलं: हळूच एक चिमटा काढावा का?

बोटं पुढंसुद्धा झाली होती.

मग तिचं तिलाच हसू फुटलं, आणि हसता हसता ती घाबरली. एका काळ्या चकतीपायी पोटच्या पोराला चिमटा! कुणी सांगितलं असतं तर तिनं त्या बाईला डॉक्टरकडं धाडलं असतं. तिनं हात मागं घेतला, काकूंना कोपरानं बाजूला केलं आणि ती सरळ आत गेली.

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. नवऱ्यानं तोंड उघडलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि खांद्याकडं खूण केली.

आता त्या घरात विज्ञानाहूनही जुना एक कायदा होता: झोपलेल्या बाळाशेजारी कुणी आवाज करायचा नाही. सगळ्यांची पंचाईत झाली. अप्पा हातवारे करून 'बाहेर, बाहेर' म्हणत होते. तिनं मान हलवून 'नाही' म्हटलं आणि सोफ्यापुढं बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली. डोळे टीव्हीवर.

ती बघत होती. चकती आपल्याकडं, त्यांच्याकडं, पुन्हा आपल्याकडं. कप्तान बर्फावर आडवा पडून फटका अडवतो, उठता येत नाही, गुडघ्यांवर सरकत सरकत पुन्हा आडवा येतो. गोलरक्षक एक अडवतो, दुसरा अडवतो, खांबांना टक टक करतो. आणि मग पलीकडच्या संघाचा एक बुटका खेळाडू चकती घेऊन जाळ्याच्या मागं गेला...

गोल झाला.

"वा!" ती म्हणाली. चांगली मोठ्यानं, मनापासून, दोन्ही डोळे विस्फारून. आयुष्यात घडताना पाहिलेला तिचा हा पहिला गोल होता, आणि तो दुसऱ्यांचा होता.

बाळ दचकून उठलं आणि रडायला लागलं. अप्पांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. मोसम संपला होता. तिच्या डोळ्यांसमोर आत्याबाई उभ्या राहिल्या. नुसतं बसण्यावरही थांबली नाही ही. हिनं तर 'वा' म्हटलं!

तेवढ्यात ओट्याखालून प्लंबरचा आवाज आला. "कसा झाला हो?"

अप्पांनी रिमोट सोफ्यावर ठेवला.

"साहेब, कुणी मारला? कुठनं?"

नवरा खाली बघत म्हणाला, "मी... माझं तोंड उशीत होतं."

"मी दाराकडं वळले होते," काकू म्हणाल्या. "माझ्याच्यानं ताण बघवत नाही."

अधिकारी बाई फ्रिजकडं तोंड करून उभ्या होत्या; त्यांना विचारायची गरज नव्हती. सगळ्यांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी डोळे मिटले होते," ते म्हणाले. "मोक्याच्या वेळी मी मिटतोच. पहिल्यापासून."

"म्हणजे ते आधीचे गोल?" तिनं विचारलं. "'बघायला हवा होतास' म्हणालात ते?"

"ते मागाहून दाखवतात ना," नवरा पुटपुटला.

तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि त्या खोलीतल्या एकेका माणसाकडं नीट पाहून घेतलं. मग ती सांगू लागली.

"तो बुटका जाळ्यामागं गेला. आपल्या दोघा बचावपटूंना वाटलं, डावीकडून येणार. दोघंही तिकडं धावले. तो आला उजवीकडून. पण मारला नाही त्यानं! थांबला. एवढ्या गोंधळात, एवढ्या आरडाओरड्यात, तो माणूस थांबला. आपला गोलरक्षक आडवा झाला, पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पायही पसरला, हातही पसरला. जागा कुठं उरलीच नव्हती. आणि त्या बुटक्यानं ती चकती अशी हळूच, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी, त्याच्या हातावरून उचलून आत ठेवली. हाताला चाटून गेली हो. नखभर वर असता हात, तर अडली असती. गोलरक्षकानं काय, बुटक्यानं काय, कुणीच काही चुकवलं नाही. म्हणून 'वा' म्हटलं मी."

बाळ रडायचं थांबलं होतं. प्लंबर कपाटातून बाहेर येऊन फरशीवर मांडी घालून बसला होता. काकूंनी दुसरी चप्पल काढली.

अप्पांनी रिमोट घेऊन टीव्ही पुन्हा लावला. बर्फावर दोन्ही संघांच्या रांगा लागल्या होत्या. इतके दिवस एकमेकांना भिंतीवर आपटणारे ते सगळे, टाके घातलेले, दात पडलेले, एकमेकांसमोरून सरकत एकेकाचा हात हातात घेत होते. बुटका हरलेल्या संघाच्या गोलरक्षकापाशी आला. गोलरक्षकानं मुखवटा काढला होता. आत अगदी कोवळा चेहरा होता, रडून लाल झालेला. बुटक्यानं त्याच्या मानेमागं हात घालून त्याचं डोकं जवळ ओढलं आणि कानात काहीतरी सांगितलं.

"काय म्हणाला असेल?" अधिकारी बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज आता अजिबात कडक नव्हता.

"जेवलास का, म्हणाला असेल," काकू म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यावर कुणी वाद घातला नाही.

अप्पा उठले. ते सुनेसमोर येऊन उभे राहिले, नवे मास्तर जुन्या मास्तरांपुढं उभे राहतात तसे, आणि त्यांनी हात पुढं केला. तिनं बाळाला सावरून तो हातात घेतला. त्यांच्यामागं नवरा, त्याच्यामागं प्लंबर, मग काकू, मग अधिकारी बाई अशी रांगच लागली. बाळानं प्रत्येकाचं बोट धरून तोंडात घालायचा प्रयत्न केला.

"निरीक्षण चांगलं आहे तुझं," अप्पा सोफ्यावर तिच्यासाठी जागा करत म्हणाले. "पुन्हा सांग. तो जाळ्यामागं गेला तिथपासून."

ती बसली आणि पुन्हा सांगू लागली, आणि या खेपेला कुणीही डोळे मिटले नाहीत.